डाळिंबाच्या बुंध्याशी लोकर

"मॅडम, रेझिलियन्स म्हंजे नेमकं काय हो?"

सकाळची पावणेसातची सोलापूर–सांगोला गाडी तिऱ्ह्याच्या पुढं निघाली होती. तिकिटं काढून झाली होती आणि आमची कंडक्टर माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसली होती. तोवर मी तिचा एकच आवाज ऐकला होता, 'मागं सरका, मागं जागा हाय' असं ओरडतानाचा. आज तिच्या मांडीवर झेरॉक्सची वीस-पंचवीस पानं होती आणि त्यांवर पिवळ्या पेनानं एवढ्या खुणा केल्या होत्या की न रंगवलेली ओळ शोधावी लागत होती.

मी सांगोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि राहते सोलापुरात, शुक्रवार पेठेत. जायला दोन तास, यायला दोन. इतक्या वर्षांत त्या गाडीतले सगळे मला माहेनूर मॅडम म्हणून ओळखायला लागलेत. कुणी औषधाच्या बाटलीवरचं वाचून घेतं, कुणी मुलाच्या फॉर्मवरचं. पण हा शब्द औषधाच्या बाटलीवर नसतो.

"जोराचा फटका बसल्यावर पुन्हा उभं राहायची ताकद," मी म्हटलं. "कुठं भेटला तुम्हाला हा?"

"एम.ए.ला हाय मी. शाश्वत विकास. फस्ट सेमिस्टर." असं म्हणून ती स्वतःच हसली, जणू अजून तिलाच खरं वाटत नव्हतं. मग तिनं पानावर माझ्या उत्तरातला एकेक शब्द लिहून घेतला आणि कामतीचा थांबा आला तशी उठून दार उघडायला गेली.

तिचं नाव विजयमाला. वय तेव्हा चौतीस. माहेर मंगळवेढा आणि सांगोला यांच्या मधल्या बिरोबावाडीचं. वाडी फाट्यापासून दीड किलोमीटर आत. जमीन मुरमाड, बोअरला पाणी असलं तर असतं. वडील धुळाआबा यांनी सगळं आयुष्य मेंढरांमागं काढलं. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचं, जूनला परत यायचं. विजयमालाचं शिक्षण आजीकडं राहून झालं. भूगोल घेऊन बी.ए. केलं, एस.टी.त वाहक म्हणून लागली, लग्न झालं. नवरा जोतिराम अकलूजच्या एका दूध डेअरीत कामाला. तो शनिवारी संध्याकाळी सोलापूरच्या खोलीवर यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा.

नऊ वर्षं तिनं तिकिटं काढली. मग एके दिवशी सांगोल्यात गाडी रिकामी झाल्यावर मागच्या सीटवर कुणीतरी विसरलेला पेपर तिला मिळाला. आत विद्यापीठाची जाहिरात होती: कोणत्याही शाखेचा पदवीधर, नोकरी करणाऱ्यांसाठी शनिवार दुपार आणि रविवार. "मी ती जाहिरात चार येळा वाचली," तिनं मला नंतर सांगितलं. "कुटंतरी वयाची अट आसंल म्हणून शोधत व्हते. नव्हतीच की!"

रविवारची सुट्टी मिळवायला तिनं डेपोतल्या प्रत्येकाच्या सणावाराच्या ड्यूट्या अंगावर घेतल्या. पाडवा, पंचमी, बेंदूर, सगळे सण तिनं गाडीतच काढले. जोतिराम शनिवारी यायचा तेव्हा ती वर्गातून दमून आलेली असायची, आणि दमलेली असूनही गप्प बसायची नाही. "त्याला पिठलं ढवळत ढवळत मी सर्क्युलर इकॉनॉमी सांगितली," ती म्हणाली. "त्यो म्हनला, शेण, शेत, कडबा, गाय, हेच की. मी म्हनलं, व्हय, हेच! हेच तर!"

हे 'हेच तर' मी त्या वर्षभर इतक्यांदा ऐकलं की मलाच त्याची चटक लागली. वर्गात ती जे ऐकायची ते सगळं तिनं लहानपणी पाहिलेलं होतं, फक्त नावं माहीत नव्हती. एका सोमवारी तर गाडी स्टँडवरून हलायच्या आधीच ती माझ्या सीटपाशी आली.

"मॅडम, आमचा आबा लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा बघा. रातभर मेंढरं बसली की लेंड्या-मुतानं रान तयार. शेतकरी त्याबदल्यात ज्वारी द्यायचा. त्याला इंग्रजीत नाव हाय! इकोसिस्टीम सर्व्हिस! आबाला आजवर कुनी सांगितलंच न्हाय की त्यो सर्व्हिस देतुय म्हणून!"

पुढच्या सीटवरून आमचे ड्रायव्हर बंदेनवाजभाई ओरडले, "बाई, बेल तो दो! सर्विस बाद में!"

सगळी गाडी हसली. तिनं दोनदा दोरी ओढली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. तिचे मार्गदर्शक अमरेश सर अक्कलकोटकडचे. मराठीत बोलता बोलता कानडीत शिरायचे. विजयमालानं त्यांना सांगितलं, मला मेंढरांवर काम करायचंय. सरांनी तिचं पाच पानी टिपण वाचलं आणि परत दिलं.

"छान लिहिलंय. पण ही आठवण झाली. संशोधन नव्हे. मला आकडा बेकु, विजयमाला. आकडा पाहिजे! काय मोजणार तू?"

काय मोजणार, हा प्रश्न घेऊन ती दोन महिने फिरली. मला गाडीत विचारायची; मी इंग्रजीची शिक्षिका, मी काय सांगणार? संक्रांतीला तिला दोन दिवस रजा मिळाली आणि ती बिरोबावाडीला गेली. आबा आता थकलेले. लांब फिरत नाहीत, चाळीस मेंढरं आहेत तेवढी जवळपास चारतात. घराच्या मागं ओघळ आहे आणि तिथं दिवाळीत कातरलेल्या लोकरीचा ढीग टाकलेला होता. पूर्वी घोंगडी करणारे येऊन लोकर घेऊन जायचे. आता त्या भागात कुणी फिरकत नाही. जाड, काळी लोकर. ती कातरली नाही तर मेंढरांना उन्हाचा त्रास, आणि कातरली तर टाकायची कुठं हा प्रश्न.

विजयमाला तिथं उभी राहून आईशी, कस्तुराबाईंशी, बोलत होती. बोलता बोलता पायानं तिनं लोकर बाजूला सारली. खालची माती काळीभोर होती. ती खाली बसली. हात घातला. माती ओली होती. शेवटचा पाऊस ऑक्टोबरात झालेला. शेजारच्या रानाला भेगा पडलेल्या, आणि लोकरीखाली गांडुळं वळवळत होती.

"आये," ती म्हणाली, "ही ओल बघितलीस का?"

"त्यात काय बघायचं? लोकरीखाली ओल ऱ्हातीच की," कस्तुराबाई म्हणाल्या.

विजयमालानं तिथूनच मला फोन केला. मी बाजारात भाजी घेत होते. तिचा आवाज इतका चढलेला की मी आधी घाबरले. "मॅडम, घावलं! आकडा घावला! ओल मोजायची! लोकरीखालची ओल मोजायची!" मी मेथीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले आणि भाजीवाली माझ्याकडं बघत राहिली.

घरचं अर्धा एकर नवं डाळिंब होतं, आदल्या पावसाळ्यात लावलेलं. रोपं गुडघ्याएवढी. अमरेश सरांनी कागदावर आखून दिलं: चार ओळी, ओळीत बारा झाडं. पहिली ओळ उघडी. दुसरीत बुंध्याशी उसाचं पाचट. तिसरीत काळं प्लास्टिक, जे सगळे बागायतदार अंथरतात. चौथीत लोकर. चारही ओळींना ठिबकनं सारखंच पाणी. प्रत्येक ओळीतली तीन झाडं ठरवून त्यांच्या बुंध्याजवळची माती काढायची, वजन करायचं, विद्यापीठाच्या ओव्हनमध्ये दिवसभर वाळवायची, पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी.

फेब्रुवारीत लोकर पसरली आणि तीन आठवड्यांत सगळा खेळ मोडला. वावटळीनं अर्धी लोकर बांधाला नेऊन चिकटवली. उरलेली पाखरांनी न्यायला सुरुवात केली. होले, चिमण्या, साळुंक्या सकाळी ओळीनं उतरायच्या आणि चोचीत मावेल तेवढी घेऊन जायच्या. बाभळीवरची सगळी घरटी त्या वर्षी काळी झाली.

अमरेश सर रान बघायला आले आणि मान हलवली. "मे संपायच्या आत दोन महिन्यांची मोजणी हवी. आज मार्चची आठ तारीख. दुसरा विषय घेतेस का? गाडीतल्या प्रवाशांची प्रश्नावली करू. तुला सोपं पडेल."

सोपंच पडलं असतं. सोमवारी गाडीत तिनं झेरॉक्सची पानं काढलीच नाहीत. तिकीट देताना सुट्ट्यासाठीसुद्धा कुणावर ओरडली नाही. मी विचारलं, "मग? प्रश्नावली?"

"मॅडम, मला आवडंल न्हाय ते," ती म्हणाली. "माजी लोकर जिकायच्या आत पाखरांनी न्हेली."

वाट काढली ती कस्तुराबाईंनी. त्यांना वाचता येत नाही, आणि मुलीचं काय चाललंय हे त्यांना तोवर पुरतं कळलंही नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की लोकर उडतीय. आणि लोकर उडू नये म्हणून काय करायचं हे त्यांना माहीत होतं. लहानपणी त्यांच्या शेजारी घोंगड्या विणणारं घर होतं; घोंगडीला ताठपणा यावा म्हणून ती माणसं चिंचोके भिजवून, शिजवून, वाटून त्याची खळ लावायची. कस्तुराबाईंनी चिंचोके भाजले, सालं काढली, भिजत घातले. लोकर पाण्यात घालून दगडावर थापली. भाकरीसारखी गोल, पण दोन बोटं जाड. वरून खळ फासली आणि उन्हात टाकली. वाळल्यावर मधोमध भोक, एका बाजूनं कात्रीनं काप. झाली चकती. रोपाच्या बुंध्याला बाजूनं घातली की गळपट्ट्यासारखी बसली.

विजयमाला ड्यूटी संपवून गेली तेव्हा आईनं बारा चकत्या घालून ठेवल्या होत्या. एक साळुंकी चकतीवर बसून टोचत होती. टोचून टोचून कंटाळली आणि उडून गेली.

"मी आयेला उचललं, मॅडम," विजयमाला सांगत होती. "खरंच उचललं. ती वरडाय लागली, सोड, कंबर मोडंल. आबा खाटंवर बसून बघत व्हता."

पंधरा मार्चला मोजणी नव्यानं सुरू झाली, आणि त्यात आमची सगळी गाडी सामील झाली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे कस्तुराबाई ठरलेल्या बारा झाडांपाशी एक वीत खोल खणून माती काढायच्या आणि बारा अॅल्युमिनियमच्या डब्यांत भरायच्या. मगच बागेला पाणी सोडायचं. कुठला डबा कुठल्या ओळीचा हे कळावं म्हणून त्या दोरे बांधायच्या: लोकरीला लाल, प्लास्टिकला काळा, पाचटाला पिवळा, उघड्या ओळीला पांढरा. झाड पहिलं असेल तर एक गाठ, दुसरं असेल तर दोन, तिसऱ्याला तीन. झाकणाला चिकटपट्टी. मग ते पिशवीत घालून दीड किलोमीटर चालत फाट्यावर.

साडेआठला गाडी फाट्यावर थांबायची. हिरव्या लुगड्यातल्या कस्तुराबाई पिशवी दोन्ही हातांनी वर करायच्या, जणू आत लोण्याचा गोळा आहे. विजयमाला ती दारातूनच घ्यायची. बंदेनवाजभाईंनी ड्रायव्हरच्या सीटमागं, जिथं ते स्वतःचा जेवणाचा डबा ठेवायचे, ती जागा पिशवीसाठी रिकामी करून दिली होती. "मिट्टी आली का?" ते आरशातून विचारायचे. "आली," असं अर्धी गाडी उत्तर द्यायची. मंगळवेढ्याला दूध घालून येणारे एक आण्णा होते. त्यांनी एकदा तंबाखूची डबी समजून एक डबा उघडायला घेतला. बायकांनी असा गलका केला की त्यांनी तो हातातून सोडलाच. बंदेनवाजभाईंनी ब्रेक मारला. डबा सीटखाली गडगडत गेला, पण चिकटपट्टी टिकली. त्या दिवसापासून आण्णाच पिशवीचे राखणदार झाले.

सांगोल्याहून गाडी परत निघून साडेअकरापर्यंत सोलापूर. हिशेब देऊन, गणवेशातच, विजयमाला विद्यापीठात डबे पोचवायची. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या मातीचं वजन.

एप्रिलचा दुसरा शनिवार. ऊन असं की पेठेतले रस्ते दुपारी ओस. मी घरी पेपर तपासत होते. फोन वाजला.

"मॅडम, बसलाय न्हवं? बसा. पयल्या आठ खेपांची सरासरी काढली. उघडी माती सात टक्के. पाचट अकरा. प्लास्टिक पंधरा."

"आणि लोकर?"

"चौदा!"

तिचा 'चौदा' फोनच्या बाहेर आला. मी हिशेब केला आणि जरा हिरमुसले. "म्हणजे प्लास्टिक जिंकलं."

"जिकू दे की! एका टक्क्यानं! पन ऐका तर. दुपारी तीनला थर्मामीटर घातलं. काळ्या प्लास्टिकखाली माती एक्केचाळीस. लोकरीखाली तेहतीस. आठ डिग्री, मॅडम! कवळी मुळं हायती ती. आन् प्लास्टिक दोन वर्सांत फाटून रानभर उडतंय, आन् लोकर कुजून खत व्हतीय. आता सांगा, कोन जिकलं?"

मी म्हटलं, "तू." पहिल्यांदा मी तिला अगं-तुगं केलं होतं, आणि ते आम्हा दोघींनाही पुढं कधी बदलावंसं वाटलं नाही.

प्रबंध जूनच्या मध्याला सादर झाला. विभागाचं सभागृह लहान, साठ खुर्च्यांचं. खुलं सादरीकरण होतं, म्हणून तिनं सगळ्यांना बोलावलं होतं. कस्तुराबाई आणि धुळाआबा आले होते; आबांचा लाल पटका सभागृहात सगळ्यात उठून दिसत होता. जोतिराम, आण्णा आणि इस्त्रीचा शर्ट घातलेले बंदेनवाजभाईही आले होते. बाहेरच्या परीक्षक म्हणून दाक्षायणी मॅडम आल्या होत्या. आयुष्यभर मातीवर काम केलेल्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या.

विजयमाला छान बोलली. गाडीत चाळीस माणसांवर आवाज चढवायची सवय असल्यानं तिला माईक लागला नाही. सुरुवातीला इंग्रजीचा ताण होता, मग आकडे आले आणि ताण गेला. पडद्यावर लोकरीची लाल रेघ प्लास्टिकच्या काळ्या रेघेच्या अगदी लगत चालली होती; मेअखेरची सरासरीही चौदा आणि पंधराच. अमरेश सर पहिल्या रांगेत बसून गालात हसत होते.

मग दाक्षायणी मॅडमनी विचारलं, "चिंचोक्याच्या खळीला वाळवी लागत नाही?"

विजयमाला थांबली. "मॅडम, मला दिसली नाही. पण मी ते मुद्दाम तपासलं नाही."

"लागली व्हती की," मागून आवाज आला.

साठ माना मागं वळल्या. कस्तुराबाई उभ्या राहिल्या होत्या. लोकांसमोर बोलतोय याचं भान त्यांना नसावं. त्यांना वाटलं, कुणीतरी विचारलंय आणि आपल्याला उत्तर माहीत आहे.

"दोन चकत्यांना लागली. म्या त्या काडून टाकल्या, दुसऱ्या केल्या. खळीत लिंबाचा पाला वाटून घातला. मग न्हाय लागली."

मातीचं शास्त्र मला कळत नाही, पण मधेच दोन चकत्या बदलल्या म्हणजे मोजणी बिघडली, एवढं कळत होतं. विजयमाला आईकडं वळली. ती हळू आवाजात म्हणाली, "आये, मला सांगितलं न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं? तुजं झाड वाळवीनं खाल्लं असतं."

दाक्षायणी मॅडम उठून सरळ मागच्या रांगेपर्यंत चालत गेल्या. "आई, कुठल्या झाडांच्या?"

"लोकरीच्या वळीतलं दुसरं आन् नववं."

दुसरं झाड मातीसाठी ठरवलेल्या तिघांतलं होतं. अमरेश सरांनी डोळे मिटले.

"कधी बदलल्या, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? आमुश्येच्या दुसऱ्या दिशी. चैताच्या. पुरनाची पोळी केलती, ती शिळी खाऊनच गेलते रानात."

दाक्षायणी मॅडमनी फोन काढला, पंचांग उघडलं, मागं मागं सरकवलं. "अठ्ठावीस एप्रिल," त्या म्हणाल्या आणि वळून म्हणाल्या, "विजयमाला, अठ्ठावीस एप्रिलनंतरचे दुसऱ्या झाडाचे आकडे काढून सरासरी पुन्हा करता येईल?"

"येईल, मॅडम. प्रत्येक झाडाचे आकडे वेगळे आहेत. गाठींवरनं."

"आत्ता येईल?"

त्या दहा मिनिटांत सभागृहातून कुणीही बाहेर गेलं नाही. विजयमाला लॅपटॉपवर वाकली. एकदा चुकीची ओळ पुसली गेली, परत आणली. बंदेनवाजभाई पुटपुटत होते, "या अल्ला, चौदा ही रहने दे." आण्णा उभेच होते. शेवटी ती सरळ झाली.

"तेरा पूर्णांक आठ," ती म्हणाली. आणि मग, परीक्षक समोर आहेत हे विसरून, "फक्त पॉइंट दोन उतरलं! टिकलं की वो!"

टाळ्या कुणी सुरू केल्या ते मला माहीत नाही. दाक्षायणी मॅडम टाळ्या थांबेपर्यंत थांबल्या. मग निकाल वाचून दाखवावा तसं त्यांनी सांगितलं: हा प्रबंध आज मंजूर होणार नाही. वाळवी, कडुनिंबाचा पाला, बदललेल्या चकत्या, सगळं लिहून, आकडे दुरुस्त करून दोन आठवड्यांत परत द्यायचा. "आणि हे सगळं तळटिपेत लपवायचं नाही. वेगळं प्रकरण करायचं. कडुनिंबाची चकती हा तुमच्या कामातला सगळ्यात उपयोगाचा भाग आहे आणि तो तुम्ही मोजलेलाच नव्हता." मग कस्तुराबाईंकडं बघून म्हणाल्या, "यांचं नाव आभारात घालू नका. 'पद्धत' नावाच्या प्रकरणात घाला. कुणी काय केलं ते तिथं लिहितात."

ते प्रकरण विजयमालानं अकरा दिवसांत लिहिलं. इंग्रजी मी तपासलं, बहुतेक गाडीतच, बेगमपूर ते मंगळवेढा. त्यात एक वाक्य होतं: चकत्यांची रचना आणि वाळवीवरचा उपाय कस्तुराबाई यांचा. तिनं ते आईला मराठीत वाचून दाखवलं. कस्तुराबाई म्हणाल्या, "पाला किती घातला ते लिवलंस का? मूठभर. जास्त घातला तर खळ पातळ हुती." तेही लिहिलं.

जुलैत निकाल लागला. पहिला वर्ग. त्या दिवशी तिनं ड्यूटी सोडली नाही, पण प्रत्येक तिकिटाबरोबर एकेक पेढा दिला, आणि तिकीट न लागणाऱ्या पोरांना दोन दोन.

ऑगस्टमध्ये बार्शीकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. अमरेश सरांकडून त्याला कळलं होतं. त्याला हजार झाडांसाठी चकत्या हव्या होत्या, पुढच्या उन्हाळ्याच्या आत. त्या रविवारी मी बिरोबावाडीत जेवायला होते. विजयमाला कागद-पेन घेऊन बसली. एका चकतीला पाव किलो लोकर. हजार चकत्यांना अडीचशे किलो. एका मेंढराची एका कातरणीला साधारण तीनशे ग्रॅम.

"आठशेच्या वर मेंढरं लागत्याली, आये," ती म्हणाली. "आपली चाळीस."

कस्तुराबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "आठशे मेंढरं आणायची कुटनं?"

धुळाआबा इतका वेळ खाटेवर बसून होते. दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून एक सलग वाक्य ऐकलं नव्हतं. ते म्हणाले, "मेंढरं कशाला आणाय पायजेत? हायतीच की."

आणि मग ते बोलतच राहिले. कुणाचा कळप दिवाळीनंतर कुठल्या वाटेनं उतरतो, कोण कुठल्या गावच्या माळावर थांबतो, कुणाची लोकर लांब, कुणाची काट्याकुट्यांनी भरलेली. विजयमाला लिहीत होती, तिचं पेन पुरत नव्हतं. "थांब आबा, थांब, परत सांग, करमाळ्याच्या वाटंवर कोन?" ते परत सांगायचे, आणि तोवर त्यांना आणखी दोन कळप आठवायचे. भाकरी करपली तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

शेवटी त्यांनी खिशातून बटणांचा जुना फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरला आणि नंबर लावला.

"बिरुदेवा? म्या धुळा बोलतुय, बिरोबावाडीचा. ऐक. दिवाळीच्या कातरणीची लोकर टाकू नगंस. व्हय, एक मूठबी नगंस. पोरगी शिकलीया माजी, ती सांगंल तुला कशाला. घे, तिच्याशीच बोल."

विजयमालानं पेन खाली ठेवून फोन घेतला आणि उभ्या उभ्या बोलायला लागली.